ठशातल्या तीन स्त्रिया

एका राज्यात, जिथल्या नद्या डोंगराला वळसा घालून वाहत, शार्ङ्गधर नावाचा ठसेकार राहत असे. लाकडी फळीवर चित्र कोरावे, शाई लावावी, कागदावर छाप उमटवावी, हे त्याचे काम. एकदा राजाने आज्ञा केली, "राज्यातली तीन रम्य स्थळे आणि तिथे उभ्या तीन स्त्रिया यांची चित्रे कर. मुख मात्र तिघींचे एकच असावे, मला रुचते तसे." शाई राजाच्या मांत्रिकाने दिली.

धबधब्यापाशी फुलवाली रेवा उभी राहिली, दगडी पुलावर विणकरीण कुंतला, आणि कमळतळ्याच्या पायरीवर ठसेकाराची पत्नी केतकी. छाप उमटली आणि तिघी नाहीशा झाल्या. कागदावर मात्र होत्या, एकाच मुखाच्या.

शार्ङ्गधर तळ्याकाठी रडत बसला. तेव्हा एक खंड्या पक्षी बोलला, "मंत्राच्या शाईने त्यांना परक्या मुखाआड कोंडले आहे. जी जिथे उभी होती, तिथेच बसून तिचे खरे मुख कोर आणि साध्या काजळीने छाप. रेष खोटी पडली, तर ती कायमची गेली."

तो धबधब्यापाशी गेला. रेवाच्या आईला म्हणाला, "माई, लेक कशी दिसते तुमची?"

"भुवईवर व्रण आहे. लहानपणी उंबऱ्यावर पडली होती."

त्याने व्रण कोरला. रेवा ओल्या केसांनी बाहेर आली.

पुलावर कुंतलेची बहीण म्हणाली, "हसताना ती तोंडावर हात धरते. पुढचा दात तुटका आहे." त्याने तो दात कोरला. कुंतला हसतच परतली.

तळ्याकाठी मात्र पटाशी थांबली. बारा वर्षांचा संसार, पण डोळे मिटले की त्याला लाकूडच दिसे.

"मी तिच्याकडे कधी पाहिलेच नाही," तो म्हणाला.

"एकदा तरी पाहिले असशील," खंड्या म्हणाला.

तो दिवसभर बसून राहिला. मग आठवले. डोळ्यात भुसा गेला की केतकी त्याचे तोंड ओंजळीत धरून फुंकर घाली. ओठांचा चंबू, एक डोळा बारीक, रुंद नाकावर तीळ. त्याने तेच कोरले. छाप उमटली, आणि पायरीवर केतकी उभी होती.

मांत्रिकाच्या शाईचे पाणी झाले. मांत्रिक राज्य सोडून गेला. राजाने नव्या छापा पाहिल्या. "यात मला रुचते ते मुख नाही."

"नाही, महाराज. ही त्यांची आहेत."

राजा बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने त्या छापा सभामंडपात लावल्या, आणि पुन्हा कोणालाही मुख नेमून दिले नाही.

घरी केतकीने आपली छाप उजेडात धरली. "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"आहे."

"मग पाहिलंत तर एकदाचं," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.