चिंधूचा पहिला घोट

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ती आमच्याच घराच्या चुकीची आहे, म्हणून मी हळू आवाजात सांगतो.

गावामागचा डोंगर नीट पाहा. हिरवट चिखल वाळून दगड व्हावा आणि त्यात लाल, काळे, पांढरे गोटे रुतून बसावेत, तसा तो आहे. एका गोट्याचं दुसऱ्याशी नातं नाही. कित्येकांच्या अंगावर लांब ओरखडे आहेत.

त्याच्या पायथ्याशी चिंधू नावाचा एक भटका माणूस आमची विहीर खोदत होता. तो म्हणायचा, "इथं एकेकाळी गारेचा, नुसत्या बर्फाचा डोंगर होता. तो सरकत आला, आन् हे गोटे दुरून घासत घेऊन आला."

बाया हसायच्या. "काय गा चिंधू, ऊन लागलं का तुले? आधी भाकर खा, मंग गार सांग!"

चिंधूही हसायचा.

विहीर खोदणाऱ्यांची एक रीत होती. ज्याच्या पहारीनं झरा फुटेल, पहिला घोट त्याचा. सात महिन्यांनी, ऐन वैशाखात, झरा फुटला. चिंधूनं ओंजळ भरली. तेवढ्यात काठावरून महागू पाटील, म्हणजे माझे खापरपणजोबा, ओरडले, "थांब गा! आधी गाव पिईन. तू कोठचा कोण?"

चिंधूनं ओंजळ सोडली. वर आला. "पाटील, या डोंगरात एक तरी गोटा इथला हाय का?" एवढंच बोलला आणि तहानलेलाच डोंगर चढून गेला. त्याला कोणी थांबवलं नाही.

असं म्हणतात, त्याच दुपारी पोहरा सोडला तर तो खणकन वाजला. भर उन्हात विहिरीतल्या पाण्याची गार झाली होती. पहारी वाकल्या, पण टवका निघेना.

तिसऱ्या दिवशी महागू पाटील स्वतः खाली उतरले. "चुकलो रे चिंधू," म्हणाले आणि नुसता हात लावला. एक तुकडा सुटून हातात आला. घरची लेकरं कोरड्या ओठांनी बघत होती. तरी तो तुकडा घेऊन ते डोंगर चढले.

माथ्यावर चिंधू नव्हता. त्या हिरवट खडकात माणसाएवढा एक नवा गोटा होता, ओंजळ धरल्यासारखा. तोवर हातातली गार वितळून गेली होती. पाटलांनी ओला तळवा त्या ओंजळीवर फिरवला. असं म्हणतात, तेव्हा खाली विहीर मोकळी झाली.

आजही आमच्या विहिरीवर परका माणूस आधी पितो. आणि वैशाखात आमच्या घरातला थोरला माणूस ओंजळीत पाणी घेऊन डोंगर चढतो. भांडं न्यायचं नाही.

यंदा मी गेलो होतो. वर पोचेपर्यंत तळवाच तेवढा ओला उरला. घोटभर पाणी अजून कोणाच्यानं पोचवलं गेलेलं नाही.