तानूबाई सरकारच्या बाजूने

सरकारचा रोलर मागे येता येता तानूबाई कुंभारणीच्या मडकी भाजायच्या भट्टीवर चढला आणि भट्टी जमीनदोस्त झाली. सरकारचाच रोलर तो, मागे बघायची त्याला सवय कुठली! तो अर्ध्या मिनिटात निघून गेला. तानूबाईंच्या खेपा मात्र तीन वर्षं चालू राहिल्या.

"भट्टी होती तशी बांधून द्या," एवढंच त्यांचं मागणं. नुकसानभरपाईच्या आयोगापुढे सरकारी वकील नाईकनवरे म्हणाले, "हा दावा कोर्टात चालतो, इथं नाही." आयोगाने फाइल कोर्टात धाडली. कोर्टात पुन्हा तेच नाईकनवरे, तोच काळा कोट. "हा दावा आयोगापुढेच चालतो, इथं नाही," असं सांगताना गड्याची पापणीही लवली नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, यावर तुमचं काय म्हणणं?"

"माझं कसलं म्हणणं साहेब? मी आता सरकारच्या बाजूनं आहे."

नाईकनवरे खूश झाले. तेवढ्यात तानूबाईंनी पिशवीतून एक कागद काढून पुढे ठेवला. दावा कोर्टातच चालतो, असं सरकारने आयोगाला शपथेवर लिहून दिलं होतं, तोच तो कागद.

"सरकार शपथेवर खोटं कशाला बोलेल? कुणाला सरकारच्या विरोधात बोलायचं असेल, तर त्यानं खुशाल बोलावं."

सगळे नाईकनवऱ्यांकडे बघू लागले. ते पाणी प्यायले. न्यायाधीशांनी हसू दाबत दावा तिथेच ठेवून घेतला.

बाहेर पडताना तानूबाई नाईकनवऱ्यांजवळ थांबल्या. "वाईट वाटून घेऊ नका, वकीलसाहेब. सरकारशी भांडणं सोपं नसतं. मला विचारा!"