अर्ध्या नावाची गोळी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "हिला मध्ये काही औषध दिलं होतंत का?" आणि इंदूने मान हलवून म्हटलं होतं, "नाही हो." त्या एवढ्याशा 'नाही'ने तिची सलग तीन रात्रींची झोप पळवून नेली होती.

चाफेवाडीच्या टोकाला, सोनचाफ्याच्या बागेला खेटून इंदूची एका खोलीची झोपडी होती. पहाटे फुलं खुडायची, पानात बांधून बाजाराला पाठवायची, यावरच तिचं आणि सात वर्षांच्या शेवंतीचं पोट चालायचं. शेवंती म्हणजे इवलंसं, हसरं, टुणटुणीत पाखरू. आपल्या चतकोर भाकरीतला तुकडा मुंग्यांना घालायची आणि वर त्यांना बजावायची, की ढकलाढकली न करता रांगेत या.

पण महिन्यापूर्वी शेवंतीच्या उजव्या हातावर एक डाग उठला. जांभळाएवढा गोल आणि जांभळासारखाच जांभळा. त्याची आग आग व्हायची. मग तो फिकट झाला, आणि चार दिवसांपूर्वी बरोबर त्याच जागी पुन्हा उठला, आधीपेक्षा काळा, मधोमध पाण्याचा फोड घेऊन. या वेळी खालच्या ओठाच्या कडेला त्याचं एक पिटुकलं पिल्लूही होतं.

कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं अंगावरून कोळी गेला. इंदू बारावीपर्यंत शिकलेली, नजरबिजर मानायची नाही. तरी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्याच, न जाणो. डॉक्टरीणबाईंनी मात्र तोंडात, डोळ्यांत बॅटरी मारून नीट पाहिलं. तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा कातडी सुटायला लागली तर वेळकाळ न बघता उचलून आणायचं, नाहीतर गुरुवारी दाखवायला यायचं, असं सांगितलं. आणि मग तो प्रश्न विचारला.

गोळी इंदूनेच दिली होती. दोन्ही वेळा, डाग उठण्याआधी. शेवंतीचं पोट बिघडलेलं, तालुक्याला जायचं तर फुलांचा दिवस मोडतो, म्हणून शेजारच्या गोदाकाकूंकडच्या उरलेल्या गोळ्या आणून तिने अर्धी अर्धी मधातून चाटवली होती. शिकलेल्या बाईने असं केलं, हे डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्याशुभ्र कोटासमोर सांगायला तिची जीभ उचलली नाही. तेव्हापासून ती तासातासाला लेकीचा ओठ उलटून बघायची, पापण्या ओढून बघायची. इतकी ओढायची, की शेवंतीचे डोळे खरोखरच लाल व्हायचे आणि इंदू पुन्हा ओढून बघायची.

गुरुवार उजाडला. बाग नुसती झगमगत होती. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मोती, फांद्याफांद्यांवर पिवळीधम्मक, केशरी, सोनसळी फुलं, आणि वासाने धुंद झालेली चिमुकली निळी फुलपाखरं. इंदू फुलं खुडत होती, पण तिचं लक्ष फुलांत नव्हतं. आज डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं तर? आणि नाहीच विचारलं तर? तिला न विचारण्याचीच जास्त भीती वाटत होती, कारण मग आपणहून सांगावं लागलं असतं.

झाडापलीकडून शेवंतीचा आवाज आला. ती कुणाची तरी माफी मागत होती. इंदूने पानांआडून डोकावलं आणि तिच्या हातातली परडी तशीच राहिली.

दोन फांद्यांमध्ये कोळ्याचं जाळं होतं, दवाने चांदीसारखं चमचमणारं. त्यात करंगळीएवढी एक परी अडकली होती. पंख मोरपंखी, झगा चाफ्याच्या पाकळीचा, पण भीतीने अंग थरथरत होतं. शेवंती डाव्या हाताने एकेक धागा सोडवत होती आणि कोळ्याला समजावत होती, की घर मोडत नाही, फक्त पाहुणीला बाहेर काढते.

परी सुटली, पंख झटकून तिच्या तळहातावर बसली.

"एक इच्छा माग, बाळ," ती घुंगरासारख्या आवाजात म्हणाली. "एकच. आणि लवकर. या बागेतलं दव सुकलं की मला जावं लागतं."

हात माग, इंदू मनात म्हणत होती. हाताचं माग, ओठाचं माग, माझ्या बाये.

शेवंतीने झोपडीकडे पाहिलं. "माझ्या आईला झोप येऊ दे," ती म्हणाली. "ती नुसती माझ्या हाताकडे बघत बसते."

परी हसली, पण पंखांवरचा रंग जरा उतरला. तिने सांगितलं, की परीला कुठलीही गोष्ट नावावाचून काढता येत नाही. काटा असो, ताप असो, नाहीतर काळजी. नाव घ्यावं लागतं, आणि ज्याच्या हातून ती गोष्ट घडली त्यानेच घ्यावं लागतं. आईची झोप या डागाने नेली. मग हा डाग कुणी उठवला?

शेवंतीने ओठ घट्ट मिटले. डाग दुखला असणार, कारण तिचे डोळे भरून आले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण मी नाही सांगणार. आईला वाईट वाटेल."

इंदूला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आपण समजत होतो, पोरीला काही कळत नाही. सगळं कळत होतं तिला, आणि जळता हात घेऊन ती आईला झाकत होती.

ती झाडाआडून बाहेर आली. परीकडे बघायचा धीर होईना, म्हणून मातीकडे बघतच तिने सांगितलं, "गोळी मी दिली. दोनदा. आणि डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले."

परी रागावली नाही, तेच इंदूला जड गेलं. परीने एवढंच विचारलं, "गोळीचं नाव?"

नाव इंदूला ठाऊक नव्हतं. मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देतो. तिच्या तुकड्यावर नावाची शेपटी तेवढी आली होती, डोकं दुसऱ्या तुकड्यावर राहिलं होतं. इंदू धावली. चहाच्या डब्यामागे लपवलेला रिकामा, चकाकता तुकडा उचलला आणि तशीच गोदाकाकूंच्या दारात उभी राहिली.

काकू दात घासत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी आधी सावकाश चूळ भरली. मग म्हणाल्या, "एवढी बारावी शिकलीस, आणि गोळीचं नाव मला अंगठेबहाद्दरणीला विचारतेस?" मग श्रीखंडाचा रिकामा डबा पुढ्यात उपडा केला. पिवळ्या, पांढऱ्या, गुलाबी, किती तरी बिननावाच्या गोळ्या टपटप पडल्या. इंदू त्यातला पट्टीचा एकेक तुकडा आपल्या तुकड्याला लावून बघू लागली. हा तुकडा नाही, हाही नाही. बाहेर ऊन चढत होतं. काकूंनीच शेवटी डब्याच्या तळाशी चिकटलेला एक तुकडा नखाने सोडवला. कात्रीची तिरकी कड कडेला लागली आणि नाव पुरं झालं. लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेलं.

इंदू परतली तेव्हा बाग कोरडी झाली होती. एका खालच्या पानावर दवाचा शेवटचा थेंब लटकत होता आणि त्याला टेकून परी बसली होती, पाण्यासारखी फिकट. शेवंती दोन्ही हातांनी त्या थेंबावर सावली धरून उभी होती. उजवा हात उन्हात भाजत होता, तरी हलवला नव्हता.

इंदूने दोन्ही तुकडे जुळवले. तिने ते नाव वाचलं, एकेक अक्षर, मोठ्याने, आणि पुढे म्हणाली, "ही मी दिली."

परीने डागावर हात ठेवला. तिच्या बोटांतून चांदीचा, गुलाबी, केशरी उजेड झिरपला आणि शेवंतीच्या कपाळावरची आठी सैल झाली. आग गेली होती. ओठावरची ठसठसही गेली.

"रंग मात्र लगेच जाणार नाही," परी इंदूला म्हणाली. "कितीतरी पौर्णिमा जातील. डॉक्टरीणबाई मलम देतील ते लाव. आणि हे नाव जप. हिच्या कातडीला ही गोळी लक्षात राहिली आहे. पुन्हा पोटात गेली तर डाग इथेच उठेल, आणि पुढच्या वेळी एवढ्यावर थांबेलच असं नाही. जो कुणी हिला औषध देईल, त्याला आधी हे नाव सांग. आज पहिल्यांदा कुणाला सांगायचं, ते तुला ठाऊक आहे."

थेंब पानावरून घरंगळला. तो मातीला टेकण्याआधीच बागभर उजेड पसरला, फुलाफुलातून सोन्याची धूळ उडाली, आणि उजेड ओसरला तेव्हा पानावर कुणी नव्हतं.

इंदू गवतात बसली. डोळ्यांवर झापड येत होती, तीन रात्रींची. पण तालुक्याची गाडी यायची वेळ झाली होती. तिने दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळले, पुन्हा सोडले, पुन्हा गुंडाळले.

शेवंती तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, इंदू तिच्या लावायची तसा, आणि म्हणाली, "भिऊ नको. डॉक्टरीणबाई तुला सुई नाही टोचणार, नुसत्या ओरडतील. मी तुझा हात धरीन."