जानबा सारंग आणि हलिमाबूचं मुसळ

फार वर्षांपूर्वी, तारवी नदीवर पूल नव्हता तेव्हा, नदीतून एक आगबोट चालायची आणि तिचं सुकाणू जानबा सारंगाच्या हातात असायचं. किती वर्षांपूर्वी, ते मला विचारू नका बाबांनो. अलीकडचा काठ म्हणतो आजोबांच्या वेळी, पलीकडचा म्हणतो पणजोबांच्या. दोघंही देवाची शपथ घेऊन सांगतात, मग आपण कुणाला खोटं पाडायचं?

जानबाची बोट उभ्या जन्मात वाळूवर चढली नाही, असं म्हणतात. पूर यायचा असला की नदी आदल्या दिवशी त्याच्या उंबऱ्याला पाणी लावून सांगून जायची, असंही म्हणतात. एक मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, जानबा बोट चालवायचा ती कानांनी. पेठेच्या धक्क्यावर तांबट भांडी ठोकायचे, आगराच्या धक्क्यावर तेल्याचा घाणा करकरायचा, आणि मोहल्ल्याच्या धक्क्याला लागून हलिमाबू सुईण रोज सकाळी भात सडायची. तिच्या मुसळाचं धुप् धुप् पाण्यावरून लांबवर यायचं. धुकं कितीही पडो, जानबा डोळे मिटायचा, कान लावायचा आणि बोट अलगद धक्क्याला आणायचा. केस पिकले तरी त्याचं हेच.

मग ती थंडीतली सकाळ आली. त्याची लेक आवडी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटे कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आहे असं कळलं. पोटातलं आडवं मूल नुसत्या हातांनी सरळ करील अशी अख्ख्या नदीकाठी एकटी हलिमाबू. ती पलीकडे, आणि मध्ये धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. जानबाने लेकीला बोटीत निजवलं, बायकोला तिच्या उशाशी बसवलं आणि निघाला. त्याला काय भीती? कान होते ना!

वाट मोकळी करायला त्याने भोंगा दिला, आणि तिथेच घोटाळा झाला. आवडीची बातमी दोन्ही काठांवर आधीच पोचली होती. भोंगा ऐकला आणि माणसं जीव तोडून धक्क्यांवर धावली.

"जानबा, हकडं ये!"

"अरे हकडं नाय, हकडं!"

कुणी पराती बडवल्या, कुणी ढोल काढला, देवळातली घंटा वाजू लागली. तांबटांनी तर नवीकोरी घंगाळी ठोकून ठोकून त्यांना पोचे पाडले. सगळी मायेची माणसं हो, पण त्या मायेने जानबाचे कान पार बुजले. पेठ डावीकडे वाजत होती, ती उजवीकडे वाजू लागली. घाणा पुढेही करकरत होता आणि मागेही. बोट पुढे चाललीय की जागच्या जागी गरगर फिरतेय, तेही त्याला उमगेना. उभा जन्म जिच्यावर काढला ती नदी त्याला परकी वाटली.

"बाबा, आपून हाय कुठं?" आवडीने कण्हत विचारलं.

जानबाने सुकाणू एकदा डावीकडे फिरवलं, एकदा उजवीकडे. बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिने त्याला कधी असा बावचळलेला पाहिला नव्हता.

"गप बसा रे मेल्यांनो!" तो काठांकडे तोंड करून ओरडला. माणसांना वाटलं, सारंग मदतीला हाका मारतोय. त्यांनी दुप्पट जोर लावला.

तेवढ्यात आवडीला अशी कळ आली की तिने किंकाळी फोडली. ती किंकाळी धुकं फाडत दोन्ही काठांवर गेली, असं म्हणतात. ढोलावरचा हात वरच राहिला. घंटा लटकत राहिली. झाडावरचे कावळे गप्प झाले, आणि भरतीचं पाणीसुद्धा क्षणभर थांबलं, असं म्हणतात.

आणि त्या शांततेत आवाज आला. धुप्. धुप्.

हलिमाबू ठार बहिरी होती. तिने भोंगा ऐकला नव्हता, ढोल ऐकला नव्हता. ती रोजच्यासारखी आपली भात सडत बसली होती. जानबाने डोळे मिटले, सुकाणू वळवलं आणि ओक्साबोक्शी रडत बोट त्या आवाजावर नेली. हलिमाबूने पाहिलं, मुसळ टाकलं, बाह्या सरसावल्या. सूर्य वर येईतो आवडी सुटली होती, आणि नातीचं रडणं दोन्ही काठांनी ऐकलं.

त्यानंतरही जानबा पुष्कळ वर्षं बोट चालवत होता. तो गेला कधी, कसा, याचा कुणाला नीट पत्ता नाही. धुक्यात बोट घेऊन गेला आणि अजून धक्का शोधतोय, असं म्हणतात. धुकं पडलं की भोंगा ऐकू येतो, असंही म्हणतात. मला विचाराल तर मी ऐकलाय. पण मग वाटतं, ट्रक असेल.

आता पूल झालाय. पण अडलेली बाई पलीकडे न्यायची असली की दोन्ही काठ आजही गप्प होतात. गिरणी थांबते, लाउडस्पीकर बंद होतो, भांडणारे भांडण तिथेच सोडतात. परवा अँब्युलन्सवर नवा ड्रायव्हर आला होता. पुलाच्या तोंडाशी पेशंटच्या सासूने त्याला सायरन बंद करायला लावला. तो बिचारा गोंधळला. "अहो मावशी, रस्ता कोण देणार मग?"

"दिलाय," म्हातारी म्हणाली. "ऐक जरा."

त्याने काच खाली केली. पलीकडे, मोहल्ल्यात, कुणीतरी रिकाम्या उखळात मुसळ घालत होतं.