नव्या रंगावरचे सात खिळे

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक एका वृद्धेचा शिष्य झाला. हौसेने नव्हे, जन्मभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्याला शिकण्याची हौस नसते. फंडाच्या पैशांतून त्याने घरावर दोन खोल्या बांधल्या, आणि चार वर्षांत पाच भाडेकरू पळाले. आता पाच महिने खोल्यांना कुलूप होते आणि निव्वळ पेन्शनवर घर चालत नव्हते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वृद्धेच्या तीन खोल्या मात्र तीस वर्षांत कधी रिकाम्या राहिल्या नव्हत्या. वयाबरोबर शहाणपण येते, ही अफवा वयस्करांनीच पसरवली आहे; ही बाई अपवाद.

"काकू, संध्याकाळी एक नर्सबाई खोल्या बघायला येतायत. नवराबायको दोघंच. हे गिऱ्हाईक जाता कामा नये."

"नियम किती लावलेत दाराला?"

"फक्त चौदा."

"फक्त!" म्हणून वृद्धा उठली. हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेऊन ती त्याच्या वरच्या खोल्यांत आली, स्टुलावर चढली, आणि परवाच रंगवलेल्या भिंतीत तिने धडाधड सात खिळे ठोकले.

"अहो काकू! नियम क्रमांक एक! भिंतीला खिळा ठोकायचा नाही!"

"वाचलाय. म्हणून तर ठोकले." ती धापा टाकत खाली उतरली. "मागच्या भाडेकरूनं मोरीची गळती तुम्हाला का सांगितली नाही?"

"लबाड होता."

"घाबरट होता. खिळ्यावरून ज्याची शाळा घेतलीत, तो पाण्याबद्दल तोंड उघडेल? खिळ्याचं भोक चिमूटभर पुट्टीनं बुजतं, गुरुजी. गळतीपायी तुम्हाला अख्खी भिंत फोडावी लागली. ज्याला कॅलेंडर टांगता येत नाही, तो धर्मशाळेत उतरल्यासारखा राहतो. धर्मशाळेचा नळ कोणी जपतं का? माणूस आधी घरात रुजू द्या, मग तोच तुमचं घर राखेल."

मुख्याध्यापकाला हे पटले नाही. त्या पिढीला ऐकल्यावर लगेच पटत नाही.

संध्याकाळी नर्सबाई नवऱ्याला घेऊन आली. भिंतीकडे पाहून हसली. "खिळे आहेत की! आधीच्या घरी आरसासुद्धा खुर्चीवर ठेवावा लागायचा." मग तिने चाचरत विचारले, "सासूबाईंचा फोटो मोठा आहे. त्या भिंतीत आणखी एक ठोकला तर चालेल का?"

'नाही' हा शब्द छत्तीस वर्षांच्या सवयीने मुख्याध्यापकाच्या ओठांपर्यंत आला. त्याने वृद्धेकडे पाहिले. ती खुशाल पदराने वारा घेत होती.

"तिथे नको. तिथून विजेची वायर गेलीय. थोडा डावीकडे घ्या. थांबा, मीच दाखवतो."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. "मग आम्ही एक तारखेला येतो," नर्सबाई म्हणाली. "आणि सर, राग मानू नका, पण मोरीतला नळ मागच्या बाजूनं ठिबकतोय. आत्ताच बघून घ्या, नाहीतर भिंतीत ओल धरेल."

आयुष्यात प्रथमच एखादी तक्रार ऐकून मुख्याध्यापकाला आनंद झाला. तो लगेच प्लंबरला फोन लावू लागला.

तेव्हा घरमालक काका-काकूंनो, भिंत तुमचीच आहे, ती कोणी पळवत नाही. भाडेकरूला कॅलेंडर टांगू द्या.