डाव्या काठाचे गळ

तुमच्या पणज्याच्या पणज्याला दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या करंजवेळेला तेव्हा धक्का नव्हता, दिवा नव्हता. खाडीच्या तोंडाशी नुसती वाळू आणि पुढे दर्या. गावात आवडाई नावाची लोहारीण होती. तिचा नवरा होडीबरोबर माघातल्या धुक्यात गेला आणि परतलाच नाही. गाव हळहळलं, नारळ फोडला आणि पुढच्या माघात पुन्हा तशाच होड्या लोटल्या. आवडाईला रडू आलं नाही, राग आला. तो राग तिला मरेपर्यंत पुरला, असं म्हणतात.

एकदा डोंगरावर तिने विळा खाली ठेवला, तर तो सरकत जाऊन एका काळ्या दगडाला चिकटला. दुसरी कोणी असती, तर दगडाला शेंदूर फासून मोकळी झाली असती. आवडाई तो घरी घेऊन आली आणि वर्षभर त्याच्याशी झगडली. तिने दगडावर केळीचं पान धरलं आणि वरून लोखंडाचा कीस भुरभुरला. किसाच्या रेघा एका टोकापासून निघाल्या आणि वळून दुसऱ्या टोकाला गेल्या. दगडाची सत्ता दगडाबाहेरही पसरलेली असते, ती फक्त दिसत नाही, हे तिने तेव्हा ओळखलं.

मग तिने लोखंडाची पट्टी माशासारखी कापली आणि तिच्यावरून दगड ओढला. डोक्याकडून शेपटीकडे, दर वेळी एकाच दिशेने. परतताना हात वर उचलून. उलटसुलट घासलं की सगळं मोडायचं, भट्टीत तापवलं की गुण उडून जायचा. शेकडो वेळा ओढल्यावर दगडाचा गुण माशात उतरला. तिने लाकडी काथवटीत तेल ओतलं आणि पांगाऱ्याच्या हलक्या फळीवर मासा बसवून त्यात सोडला. मासा थरथरला, फिरला आणि उत्तरेकडे तोंड करून थांबला. कितीही वळवा, पुन्हा तिकडेच.

आपला दर्या मावळतीला, गाव उगवतीला. माशाचं तोंड डाव्या खांद्याकडे राहिलं, म्हणजे घर नाकासमोर. आवडाईने प्रत्येक होडीला काथवटीसकट असा एकेक मासा दिला आणि एकच गोष्ट सांगितली. "याच्या दोन हातांच्या आत लोखंड आणायचं नाय. कोयता नाय, गळ नाय, सुई पन नाय." होड्या तेव्हा काथ्याने शिवायचे, नांगरही दगडाचा असायचा, म्हणून हे जमण्यासारखं होतं.

तीन माघ गेले, धुक्यात एकही माणूस हरवला नाही. आणि मग गावाने तेच केलं जे गावं करतात. ऐकायचं सोडलं आणि पुजायला लागलं. काथवटीला हळदकुंकू लागलं. सुखरूप परतलेला प्रत्येक जण आपला एक गळ काथवटीला बांधू लागला, लोखंडाचा, मासे धरायचा. तोही नेमका डाव्या काठाला, कारण घरी येताना मासा तिकडे बघतो. मला हे सांगताना अजून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

चौथ्या माघात एका सकाळी दोन होड्या निघाल्या होत्या. एक जोमा नाखव्याची, दुसरी त्याचा भाऊ पोशा याची. जोमाच्या होडीवर आवडाईचा एकुलता एक मुलगा केरू खलाशी होता. त्याची भाकरी द्यायला ती वाळूवर आली आणि तिला होडीतली काथवट दिसली. डाव्या काठाला चाळीस गळ लोंबत होते.

"कुनी बांधलं हे?" तिने विचारलं. जोमा हसून म्हणाला, "देवाला वाह्यलंय गो." तिने काथवट धरली आणि गरकन फिरवली. काठाबरोबर मासाही फिरला. उत्तर राहिली बाजूला, तो आपला गळांकडे बघत बसला. "आता होडी कुटंबी वळवा," आवडाई म्हणाली, "हा सांगनार की घर समोरच हाय. दर्यात आत आत जाल नि घर समोरच हाय म्हनाल." जोमाने हात जोडले. "बगा, देव गळांवर राजी हाय. वाह्यलेलं कोन काढतं काय?"

ती केरूकडे वळली. केरूने मान खाली घातली. "आये, तुज्याच नावानं बांधलंय. त्यातला एक माजा हाय." आवडाईने त्याच्या थोबाडीत दिली. होड्या गेल्या. घटकाभरात धुकं उतरलं.

आवडाई कड्यावर चढली आणि ओरडायला लागली. "केऱ्या, गळ काढ!" सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती तेवढंच ओरडत होती. तिच्या आवाजाने घराघरातले कोयते, पळ्या, सुया खणखणू लागल्या, असं म्हणतात. भरती निम्म्यावर थांबली, असंही म्हणतात.

लांब दर्यात केरूचा गाल आधी तापला, मग त्याला हाक ऐकू आली. तो काथवटीकडे धावला. जोमाने त्याचा हात धरला. "देव कोपंल रं." केरू म्हणाला, "आय कोपलीय, तेवडं पुरे हाय." त्याने चाळीसच्या चाळीस गळ तोडून दर्यात फेकले. मासा हलला आणि अर्धी गिरकी घेऊन उजव्या खांद्याकडे बघू लागला. दिवसभर ते घराकडे पाठ करून वल्हवत होते. त्यांनी होडी फिरवली आणि रात्री उशिरा वाळूला लागले.

पोशाची होडी आली नाही. सात माणसं होती. हाक त्यांनीही ऐकली, पण देवी बोलली म्हणून हात जोडले आणि आणखी एक गळ बांधला, असं म्हणतात. हे कोणी पाहिलं, असं मला विचारू नका. मला आपलं गाव ठाऊक आहे.

आवडाईचा आवाज त्या दिवशी गेला, तो पुन्हा आला नाही. जोमा पाया पडायला वाकला, तेव्हा तिने पाय मागे घेतले. केरूला मात्र तिने जवळ ओढलं आणि थोबाडीत मारलेल्या गालावर कितीतरी वेळ हात ठेवला.

म्हणून आपल्याकडे तिचं देऊळ नाही. कड्यावर नुसता कट्टा आहे, आणि त्याच्या दोन हातांच्या आत लोखंड न्यायचं नाही. आता होडीवर यंत्रं आली, पडद्यावर घर दिसतं. तरीही माघातलं पहिलं धुकं उतरलं की होड्या थांबतात, आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई वाळूवर उभी राहून तांडेलांना, नाखव्यांना, अख्ख्या गावाला बोल बोल बोलते. कोणी उलटून बोलायचं नाही. तिचा घसा बसला, की होड्या सुटतात.

गेल्या वर्षी कट्ट्यावर कुणी भक्ताने लोखंडी त्रिशूळ रोवला होता. तो मी या हातांनी उपटला. यंदा बोलायची पाळी माझी आहे, आणि घसा अजून शाबूत आहे. हात कसले जोडताय माझ्यापुढे? उठा, आपापल्या होडीवर जा आणि डावा काठ बघून या.