सगुणाराणी आणि ओस चंदनखेड

एकदा काय झालं, एका राणीला नाद लागला. दागिन्यांचा नाही, पैठण्यांचा नाही, सोंगट्या खेळायचाही नाही. पडक्या जागा बघत हिंडायचा नाद! आता तुम्ही हसताय ना, तसंच तिचं सगळं नगर हसायचं. हसा. पण पाय पांघरुणात घेऊन हसा, आणि गोष्ट संपेपर्यंत राणीला नावं ठेवायची नाहीत, बरं का.

राणीचं नाव सगुणा. राजाचं नाव जयवंत. राज्य तसं बेताचंच. न्याहारी करून एका टोकाहून निघालं, तर जेवायला दुसऱ्या टोकाला. पण डोंगर होते, झाडी होती आणि जुन्यापान्या जागा पुष्कळ. कुठे ढासळलेला बुरूज, कुठे छप्पर उडालेली धर्मशाळा, कुठे पिंपळानं गिळलेलं देऊळ. असं काही आहे म्हणून नुसतं कानावर आलं, की सगुणाराणी पदर खोचायची, फडक्यात चटणी-भाकरी बांधायची, पायात जाड वहाणा घालायची आणि निघायची. पालखी नाही, मेणा नाही, पुढे चोपदार नाही. म्हणायची, "पालखीतून काय दिसतंय? पुढच्या भोयाची मान!"

मग तिथे जाऊन करायची काय? तर बघायची. उंबऱ्याच्या दगडाला मध्ये खळगी पडलेली दिसली, की तिथे टेकून विचार करायची, किती पावलं गेली असतील इथून! विहिरीच्या काठावर दोराच्या खाचा दिसल्या, की त्यात बोट घालून बघायची. फरशीवर कुणी रिकामटेकड्यानं पट कोरलेला सापडला, तर खुदकन हसायची. तिला त्या दगडांतून माणसं दिसायची हो. तो डोळा सगळ्यांना नसतो.

पण तिची एक रीत होती. कुठलीही जागा असो, भिंत एकच उभी असो, ती आधी बाहेर थांबायची. वहाणा काढायची. आणि हाक मारायची, "घरचं कोणी आहे का? बघायला आलेय. न्यायला नाही." मगच आत. आणि येताना तिथला खडासुद्धा आणायची नाही. शिंपला नाही, कवडी नाही, काही नाही. तिच्या हातात कधी कुणी काही पाहिलं नाही.

तर त्या राज्यात, नगराच्या वरच्याच डोंगरावर, एक ओस पडलेलं गाव होतं. चंदनखेड. केवढं मोठं! गल्ल्या, चौक, बारव, देऊळ, दगडी घरांच्या रांगाच्या रांगा. कधी ओस पडलं, का पडलं, कुणाला ठाऊक नाही. राणी तिथे वर्षातून चारदा तरी जायची, आणि तरी तिचं बघणं संपायचं नाही.

मग काय झालं, राजाला नवा महाल बांधायचा झाला. सात मजली. आणि केरोबा प्रधान होता ना, तो फार हिशेबी गडी. तो म्हणाला, "महाराज, दगड लांबून कशाला आणायचा? वर चंदनखेड पडलंय. घडीव दगड, आयता. पहारी लावू, खाली गडगडवू."

राजाला पटलं. राणीनं ऐकलं मात्र, हातातलं काम टाकून उठली. ती तशीच दरबारात आली.

"महाराज, ते गाव पाडू नका," राणी म्हणाली. "ते कुणाचं तरी आहे."

"कुणाचं?" प्रधान म्हणाला. "राणीसाहेब, तिथे वटवाघळं राहतात."

सगळा दरबार हसला. राजा वाईट नव्हता हं. पण दरबार हसला की राजाला चेव येतो. तो म्हणाला, "सगुणा, असं कर. उद्याचा दिवस तुझा. तिथे घरचं म्हणून कुणी असेल, तर त्याचा पुरावा घेऊन ये. मी एका दगडाला हात लावणार नाही. पण कुणी नसलं, तर परवा सकाळी पहारी लागतील. आणि मग तुझं हे भटकणंही बंद. राणीनं राणीसारखं घरात बसायचं."

"बरं," राणी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. गाव जाणार ते जाणार, वर तिचे पायही बांधले जाणार. आणि सगुणाराणीचे पाय बांधायचे म्हणजे पाखराचे पंख कापण्यासारखंच की.

मग दुसऱ्या दिवशी ती डोंगर चढली. आधी लागली वेस. मोठी थोरली कमान, एका अंगानं कललेली. राणीनं वहाणा काढल्या. हाक मारली, "घरचं कोणी आहे का?"

कमानीच्या भोकातून एक घुबड डोकावलं. डोळे मिचमिचे, पिसं विस्कटलेली. "भरदिवसा कोण ओरडतंय?" ते म्हणालं. "मी घरचा नाही बाई. मी झोपायला येतो. पुढे विचार." आणि आत जाऊन पाठ फिरवून बसलं. तुमच्यासारखंच, उठवलं की चिडणारं!

मग राणी गेली देवळापाशी. कळसाला हे एवढं मोहोळ लटकलेलं, आणि माश्यांची नुसती धांदल. राणीनं हात जोडले. "घरचं कोणी आहे का?"

राणीमाशी कामातून मान वर न करता म्हणाली, "आम्ही करंजाच्या फुलांमागे आलो. फुलं सरली की जाऊ. घरची माणसं आम्ही पाहिली नाहीत. पुढे विचार, आणि जरा बाजूला हो, वाट अडवू नकोस."

मग राणी बारवेपाशी गेली. पायऱ्या उतरून खाली गेली. हिरवं गार पाणी, आणि पाण्यात एक म्हातारं कासव. पाठीवर शेवाळ, मानेला सुरकुत्या. राणीला वाटलं, हे नक्की घरचं असणार. तिनं मोठ्या आशेनं विचारलं, "आजोबा, तुम्ही तरी घरचे ना?"

कासवानं हळूच मान बाहेर काढली. हळूच डोळे उघडले. हळूच तोंड उघडलं. तोवर राणीच्या जिवाची कोण घालमेल! "नाही गं लेकी," कासव म्हणालं. "मी एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुरातून आलो, आणि राहिलो. पाणी चांगलं आहे. पण मी आलो तेव्हाच इथे कुणी नव्हतं. माझ्या आधीचं मला काय ठाऊक? वर त्या टोकाच्या घरात बघ एकदा. ते अजून पुरतं पडलेलं नाही."

मग राणी त्या टोकाच्या घराकडे गेली. उन्हं उतरली होती. घराला छप्पर नव्हतं, पण चारी भिंती होत्या, दाराची चौकट होती, अंगणात रिकामं तुळशीवृंदावन होतं. राणीनं हाक मारली. एकदा मारली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा मारताना तिचा आवाज रडवेला झाला. भिंतींतून तिचीच हाक परत आली. बाकी काही नाही.

मग सगुणाराणी उंबऱ्याशी मटकन बसली. झालं. संपलं. उद्या इथे पहारी लागणार. ही खळगी पडलेली पायरी, हा चुलीचा काळा डाग, हे कोनाडे, सगळं राजाच्या सातव्या मजल्यावर जाऊन बसणार, आणि आपण खाली खिडकीत. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं.

रडता रडता तिचं लक्ष गेलं. अंगणात पाचोळा केवढा साठलेला! आणि दिवेलागण तर व्हायला आलेली. आता तुम्हाला माहीतच आहे, दिवेलागणीआधी दारातला केर काढायचा असतो. दारात केर असताना दिवा लावायचा नाही. राणीला वाटलं, उद्या पडायचं घर आहे खरं, पण आज तर उभं आहे ना? आज तरी त्याच्या दारात केर नको. तिनं डोळे पुसले. निरगुडीचे चार फाटे मोडून त्यांची केरसुणी बांधली. महालात तिला कुणी केरसुणीला हात लावू देत नसे, बरं का! पण इथे तिनं पदर कमरेला खोवला, आणि सगळं अंगण लख्ख झाडलं. उंबरा झाडला. वृंदावनाभोवती झाडलं. शिदोरीबरोबर प्यायचं पाणी आणलं होतं, ते दारात शिंपडलं. मग कंबर सरळ केली, आणि जायला वळली.

आणि पाठीमागून बांगड्या वाजल्या.

घाबरायचं नाही. इकडे सरका, हं. भुताच्या बांगड्या नव्हत्या त्या. आपली आई स्वयंपाकघरातून हात पुसत लगबगीनं बाहेर येते ना, तशा वाजल्या. राणीनं वळून पाहिलं. दिसलं कुणीच नाही. पण हळदीचा वास आला. चुलीच्या धुराचा वास आला. मग कुणाचं तरी बोट तिच्या कपाळाला लागलं, आणि कपाळावर कुंकू ओलं ओलं झालं. मग उंबऱ्यावर एक सूप दिसायला लागलं. सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि हिरवागार खण.

ओटी! घर तिची ओटी भरत होतं.

राणीचे हात आधी मागे गेले. आजवर तिनं कुठून खडा उचलला नव्हता. "न्यायला नाही" असं म्हणूनच तर ती आत यायची. आता पदरात हे घेऊन खाली गेलं, तर प्रधान काय म्हणेल? सगळं नगर म्हणेल, बघा, राणी ओस घरातलं उचलून आणते. शब्दही मोडला आणि नावही गेलं. ती तशीच उभी राहिली, हात पाठीशी बांधून.

सूपही तसंच राहिलं. मग सुपातले तांदूळ थोडे हलले. कुणी दोन्ही हातांत सूप धरून वाट बघत उभं राहावं, आणि हात भरून यावेत, तसं ते सूप थरथरलं. राणीला गलबलून आलं. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. लग्न होऊन राणी झाल्यावर तिच्या ओट्या किती भरल्या गेल्या, पण त्या राणीच्या ओट्या. चांदीच्या ताटातल्या. असं सूप घेऊन, कामातून उठून, तिच्यासाठी दारात कुणी आलं नव्हतं.

राणी मनात म्हणाली, लोक म्हणायचं ते म्हणोत. हिचं सूप मी रिकाम्या पदरानं परत पाठवणार नाही. तिनं खोचलेला पदर सोडला, आणि दोन्ही हातांनी पुढे पसरला. तांदूळ पदरात आले. ते ऊन होते, आत्ताच कांडून पाखडल्यासारखे. राणीनं रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे परत सुपात टाकले. उंबऱ्यावर डोकं टेकलं. वर पाहिलं, तर सूप नाही आणि कुणी नाही. नुसता झाडलेला उंबरा.

मग राणी भराभर डोंगर उतरली. महालाच्या चौकात मशाली लागल्या होत्या. राजा उभा, प्रधान उभा, आणि पहारी घेऊन गडी बसलेले. राणी समोर आली. पदराला गाठ, कपाळाला हे एवढं कुंकू, मान ताठ.

"कुणी भेटलं?" राजानं विचारलं.

"दिसलं कुणी नाही," राणी म्हणाली. ती खोटं बोलायची नाही.

"आणि पदरात काय आहे?" प्रधान पुढे सरसावला. "राणीसाहेब आज काहीतरी घेऊन आलेल्या दिसतात!"

राणीनं गाठ सोडली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. मशालीच्या उजेडात खणाचा हिरवा रंग असा चमकला, की बसलेले गडी उठून उभे राहिले. राजाचा चेहरा मात्र पडला. तो म्हणाला, "सगुणा, तू कधी खडा आणला नाहीस. आज शब्द मोडलास?"

"मी आणलं नाही, महाराज," राणी म्हणाली. तिचा आवाज चौकभर खणखणला. "मला दिलं. मी त्या घराचा केर काढला. पाहुणी केर काढत नाही, लेक काढते. आणि लेक निघाली तेव्हा घरानं माझी ओटी भरली. आता तुम्हीच सांगा, घुबड ओटी भरतं? मधमाशी भरते? ओटी घरची बाई भरते. ती मला दिसली नाही. पण ती आहे. आणि मी तिची लेक आहे."

राजा राणीच्या कपाळाकडे बघत राहिला. कुंकवात बोटाचा ठसा उमटला होता, रेघ न् रेघ दिसत होती, आणि ते बोट राणीच्या बोटाहून जाड होतं, कष्ट केलेल्या बाईचं असतं तसं.

मग राजा हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो गड्यांना म्हणाला, "अरे, पहारी ठेवा खाली! ती माझी सासुरवाडी आहे. सासुरवाडीला काय पहार घेऊन जायचं असतं?"

मग दुसऱ्या दिवशी राजा निघाला. पालखी आली, त्यानं परत पाठवली. पायीच निघाला. पुढे राणी, मागे राजा, आणि त्याच्याही मागे धापा टाकत केरोबा प्रधान. सारं नगर दारादारांत उभं राहून बघत होतं. काल हसणाऱ्या बायका आज म्हणत होत्या, "बघा, आमची राणी कशी चालते!"

वेशीपाशी पोचल्यावर राजा गोंधळला. आपण हे गाव पाडायला निघालो होतो, आता आत जायचं कुठल्या तोंडानं? तो बाहेरच थांबला. राणीनं त्याचा हात धरला, आणि चंदनखेडच्या शेवटच्या घराला ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली, "आई, जावई आणलाय!"

आणि काय सांगू तुम्हाला! वेशीच्या आत, दगडाच्या पायरीवर, पाण्यानं भरलेला तांब्या होता. पाय धुवायला. शेजारी वाटीत गूळ. राजानं मान खाली घालून पाय धुतले, आणि प्रधानालाही गुळाचा खडा मिळाला, कारण आईच्या घरी वाईट पाहुण्यालासुद्धा गूळपाणी मिळतं.

मग राजानं एकमजली महाल बांधला, आणि त्याला तो पुरला. सगुणाराणी वर्षाच्या वर्षाला माहेरी जायची, पायी, ताठ मानेनं, आणि दर वेळी भरली ओटी घेऊन उतरायची. तिचे पाय कुणी कधी बांधले नाहीत. ते सगळे सुखात राहिले. आता तुम्ही डोळे मिटा, दिवा मी बारीक करते.